एका ठिपक्यात दोन कोटी

खिडकीच्या काचेवर माशी बसून गेली की मागे एक तपकिरी ठिपका उरतो. आपण तो ओल्या फडक्याने पुसतो. १८८९ साली फुल्टन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने असाच एक ठिपका पुसण्याऐवजी मोजायला घेतला. ती माशी नुकतीच एका दुर्गंधी अळंबीवर जेवून आली होती. ठिपक्यात अळंबीचे बीजाणू निघाले आणि त्यांची संख्या भरली २ कोटी २० लाखांच्या वर. मुंबई महानगराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १ कोटी ८४ लाख होती. म्हणजे अख्खी मुंबई बसवून वर जागा उरावी, एवढी वस्ती माशीच्या एका शिटेत.

असा आकडा वाचला की पहिली शंका येते ती मोजणाऱ्याची. सूक्ष्मदर्शकाखाली दोन कोटींपर्यंत कोण मोजत बसणार? अर्थात कोणी तसं मोजत नाही. ठिपका ठरावीक पाण्यात ढवळतात, त्यातला एक बारीकसा भाग मोजतात आणि गुणाकार करतात. तरीही आकडा पटतो का, हे घरबसल्या तपासता येतं. दुर्गंधी अळंब्यांच्या कुळातल्या, युरोपात सगळीकडे आढळणाऱ्या जातीचा, फॅलस इम्पुडिकसचा, बीजाणू साधारण ४ मायक्रोमीटर लांब आणि २ मायक्रोमीटर रुंद असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकार लंबगोल, तेव्हा घनफळ आठ घन मायक्रोमीटरच्या आसपास. असे २ कोटी २० लाख एकत्र केले तर जागा व्यापतात ०.१८ घन मिलिमीटर. आणि १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचं घनफळ असतं सुमारे अर्धा घन मिलिमीटर. म्हणजे ठिपक्याचा तिसरा हिस्सा बीजाणूंनी भरलेला असला की फुल्टनचा आकडा जमतो. मला तो पटला.

या अळंबीला इंग्रजीत स्टिंकहॉर्न म्हणतात. फॅलेसी हे तिचं कूळ आणि त्यात साधारण ७५ ते ८० जाती नोंदलेल्या आहेत. बुरशींच्या एकूण पसाऱ्यात हे कूळ किती छोटं आहे पाहा. २०१७ साली हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग या दोन तज्ज्ञांनी जगातल्या बुरशींच्या जातींचा अंदाज २२ लाख ते ३८ लाख असा मांडला. त्यांतल्या रीतसर नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या घरात. त्या दीड लाखांत ही पाऊणशे. पण वेग, वास आणि बीजाणूंची संख्या या तिन्ही बाबतींत या पाऊणशेंनी जे आकडे मांडून ठेवले आहेत ते भल्याभल्यांना जमलेले नाहीत. गंमत अशी की यातला एकही आकडा मोठ्या आकारातून आलेला नाही. सगळे आले आहेत ते लहानपणातून: लहान बीजाणू, लहान रेणू, आणि मोजकं तासा-दोन तासांचं काम.

सुरुवात अंड्यापासून होते. पावसाळ्यात पालापाचोळा, कुजकं लाकूड किंवा बांबूच्या बेटाखालची माती उकरली की कधीकधी पांढरट, मऊ, लिंबाएवढे गोळे हाताला लागतात. तळाशी दोऱ्यासारखं पांढरं मूळ लोंबतं. खरं तर ते मूळ नसून कवकतंतूंचा पीळ असतो. गोळा सुरीने उभा कापावा. बाहेरून चामड्यासारखी पातळ साल. तिच्या आत जाडसर पारदर्शक चिकट थर, इतका बुळबुळीत की गोळा बोटांतून निसटतो. त्याच्या आत काळपट हिरवा पट्टा, हेच बीजाणूंचं आगर. आणि अगदी मधोमध पांढरी, दाबून बसवलेली, भोकाभोकांची दांडी. पूर्ण अळंबी आत तयार असते, फक्त घडी घातलेली. अंडं मातीखाली हळूहळू, काही आठवडे घेऊन बनतं. या काळात वासही नसतो.

मग एके दिवशी साल फाटते, आणि घड्याळ लावून बसावं असा प्रकार सुरू होतो. फॅलस इम्पुडिकसची दांडी तासाला १० ते १५ सेंटीमीटर वर येते. उष्ण प्रदेशातली तिची बहीण फॅलस इंड्युसिएटस, जिच्या टोपीखालून पांढरी जाळीदार ओढणी जमिनीपर्यंत सुटते, ती याहून घाईची. तिच्या वाढीचा विक्रमी वेग सांगितला जातो मिनिटाला ५ मिलिमीटर. झपाट्याने वाढणाऱ्या वस्तूंत आपण बांबूचं नाव घेतो. बांबूचा विक्रम आहे दिवसाला ९१ सेंटीमीटर. भागाकार केला तर मिनिटाला ०.६३ मिलिमीटर. ओढणीवाली अळंबी त्याच्या आठपट वेगाने उठते. मिनिटाला ५ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मायक्रोमीटर. माणसाचा एक केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. दर सेकंदाला एका केसाच्या जाडीहून जास्त उंची, आणि हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण विक्रमांच्या पुस्तकांत ती सहसा नसते. ही बांबूसारखी वाढ नाही. बांबूला नव्या पेशी बनवाव्या लागतात, त्यांना अन्न पुरवावं लागतं. अळंबीच्या दांडीतल्या पेशी अंड्यातच बनून तयार असतात. साल फाटल्यावर त्या पाणी ओढतात, फुगतात, आणि दांडीतल्या पोकळ्यांच्या मुडपलेल्या भिंती ताठ होतात. हे पाणी येतं कुठून? बरंचसं त्या बुळबुळीत थरातून. अंडं तिथे पाण्याची बेगमी करून बसलेलं असतं. म्हणूनच अंडं घरी आणून ओल्या कागदावर ठेवलं तरी ते टेबलावर उमलतं. तेव्हा बांबूशी शर्यत लावणं हे खरं तर अन्यायाचं आहे. आठपट वेग खरा, पण एकाची मेहनत सगळ्यांसमोर चालते आणि दुसऱ्याने ती महिनाभर मातीखाली उरकलेली असते. विक्रम द्यायचाच असेल तर मी तो वाढीचा म्हणून न देता उलगडण्याचा म्हणून देईन.

या उलगडण्याच्या जोराचा आणखी एक आकडा फिरतो. २००४ सालच्या एका शोधटिपेनुसार फॅलस इम्पुडिकस वर येताना १.३३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर एवढा दाब देऊ शकते, आणि म्हणून ती डांबरातूनही डोकं काढते. किलोन्यूटन म्हटलं की छाती दडपते. पण हिशेब उघडून बघावा. प्रति चौरस मीटर १.३३ किलोन्यूटन म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साडेतेरा ग्रॅम वजन. अंड्याचा व्यास ५ सेंटीमीटर धरला तर त्याचं आडवं क्षेत्रफळ होतं २० चौरस सेंटीमीटरच्या आत-बाहेर. एकूण जोर पाव किलोहून जरासा जास्त. वातावरणाचा दाब याच्या ७५ पट असतो आणि तो आपण दिवसभर डोक्यावर घेऊन फिरतो. पाव किलोच्या जोराने चांगला डांबरी रस्ता फुटत नाही. मात्र डांबर हे अतिशय घट्ट द्रव आहे. खालून संथ, न थांबणारा जोर मिळाला आणि थर पातळ किंवा आधीच तडकलेला असला, तर ते सरकतं. अंडी शेजारी शेजारी चार-पाच असली तर आणखी सोपं. तेव्हा डांबर उचलल्याच्या गोष्टी खोट्या नसाव्यात, पण श्रेय अर्धं रस्त्याला द्यावं. आपल्याकडच्या पहिल्या पावसात वाहून जाणाऱ्या डांबराला तर अळंबीचीही गरज नाही.

आता वास. दांडी उभी राहिली की टोपीवरचा काळपट हिरवा थर ओघळू लागतो आणि वास सुटतो. बरेचदा अळंबी दिसायच्या आधी वास येतो आणि जवळपास उंदीर किंवा पक्षी मेला असावा असं वाटून माणूस शोधाशोध करतो. हा समज अगदी चुकीचा नसतो. वासातला मुख्य घटक आहे डायमिथाइल ट्रायसल्फाइड. सडणाऱ्या मांसातून तोच सुटतो. रेणू एवढासा: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, तीन गंधक, एकूण ११ अणू. शिजलेल्या कोबीच्या आणि कांद्याच्या वासातही तो अंशरूपाने असतो. म्हणजे आपलं नाक त्याला रोज भेटतं, फक्त इतक्या संख्येने नाही.

किती कमी चालतो ते बघा. पाण्यात या रेणूचा वास ओळखण्याची सर्वात खालची मर्यादा दिली जाते ती एक लाख कोटी भागांत एक भाग. याचं चित्र डोळ्यांपुढे आणायला उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरइतकं चांगलं माप महाराष्ट्रात दुसरं नाही. १० हजार लिटरचा एक टँकर धरा. असे ५ हजार टँकर एका तळ्यात रिते करा, म्हणजे ५ कोटी लिटर पाणी. त्यात डायमिथाइल ट्रायसल्फाइडचा एक थेंब टाका, नीट ढवळा, आणि तिखट नाकाच्या माणसाला ओंजळभर पाणी हुंगायला द्या. त्याने नाक मुरडलं तर आकडा बरोबर. काही मोजमापांत ही मर्यादा दहापटीपर्यंत वर धरलेली आहे. मग टँकर ५०० होतात. थेंब एकच.

यातली खरी चक्रावणारी बाब वेगळी आहे. पाच हजार टँकरांत एक थेंब म्हटल्यावर वाटतं, त्या ओंजळीत जेमतेम चार-दोन रेणू आले असतील. हिशेब केला तर दर मिलिलिटर पाण्यात सुमारे ४८० कोटी रेणू निघतात. रेणू इतके लहान असतात की थेंबाची उधळण ५ कोटी लिटरांत केली तरी टंचाई होत नाही. ‘नावालाच आहे’ असं आपण ज्या प्रमाणाला म्हणू, तिथेही मोजदाद शेकडो कोटींत चालते.

माशीला हा वास आपल्याहून जास्त कळतो आणि मुख्य म्हणजे हवासा वाटतो. नीलमाशी, हिरवी माशी, घरमाशीच्या नात्यातल्या इतर माश्या, जिथे मांस सडतं तिथे अंडी घालणारी ही मंडळी. अळंबी त्यांना मांसाचा वास दाखवून बोलावते आणि हातावर साखर ठेवते, कारण तो हिरवट लगदा गोड असतो. माश्या तो चाटून पुसून नेतात. सकाळी काळपट दिसणारी टोपी दुपारपर्यंत पांढरी पडते, मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी तिची जाळी उघडी दिसते आणि वासही बराच ओसरतो. जपानातल्या एका अभ्यासात छोट्या फळमाशीच्या पोटात २ लाख ४० हजारांपर्यंत बीजाणू मिळाले आणि मोठ्या माश्यांकडे १७ लाखांपर्यंत. फुल्टनचा ठिपका याहून भरलेला होता, पण तो नीलमाशीच्या तोलाच्या माशीचा असणार आणि तिने जेवणही भरपेट केलं असणार.

हेच तंत्र सुरणाच्या घराण्याला ठाऊक आहे. सुरणाचं फूल उमललं की परसात उभं राहवत नाही. १९९४ साली छापून आलेल्या एका संशोधनात फॅलस इम्पुडिकस आणि सुरणाच्या कुळातली सॉरोमॅटम ही वनस्पती यांचे वास शेजारी ठेवून तपासले गेले. दोन्हींत मुख्य घटक एकाच गटातले निघाले, डायमिथाइल ट्रायसल्फाइड ज्यात मोडतं ती डायमिथाइल ऑलिगोसल्फाइडं. सॉरोमॅटम मूळची आशिया-आफ्रिकेतली, भारतातही आढळते. बुरशी आणि वनस्पती यांच्या वाटा शंभर कोटी वर्षांहूनही आधी फुटलेल्या. नात्याने बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. तरी दोघींनी स्वतंत्रपणे तीच ११ अणूंची मात्रा उगाळली, कारण गिऱ्हाईक एकच होतं.

एका अळंबीचे एकूण बीजाणू किती? इथे मी माझा हिशेब मांडतो, तो अंदाज म्हणूनच घ्यावा. टोपीवरचा लगदा कमीत कमी १ मिलिलिटर धरू आणि त्याचा फक्त दहावा भाग बीजाणूंचा मानू. बाकी पाणी, साखर, चिकटा. दहावा भाग म्हणजे १०० घन मिलिमीटर. एका घन मिलिमीटरात, अजिबात फट न ठेवता, १२ कोटी बीजाणू मावतात. गुणाकार १२०० कोटी. पृथ्वीवरच्या माणसांची संख्या ८०० कोटींच्या थोडी पुढे आहे. म्हणजे जगातल्या प्रत्येक माणसाला एक बीजाणू वाटला तरी तिसरा हिस्सा शिल्लक राहील, आणि सगळी माणसं मिळून एका चहाच्या चमच्याच्या पाचव्या भागात. फुल्टनच्या ठिपक्यांत मोजायचं तर हे साडेपाचशे ठिपके भरतात. दुपारपर्यंत टोपीवर येऊन गेलेल्या माश्यांना एवढे ठिपके सोडणं अवघड नाही.

संख्येच्या बाबतीत अळंबी जगात पहिली मात्र नाही. बीजाणूंच्या मोजणीत ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई त्या ए. एच. आर. बुलर यांनी चेंडूसारख्या गोल अशा एका महाकाय पफबॉल बुरशीत ७ लाख कोटी बीजाणू असल्याचा अंदाज केला होता. आपल्या १२०० कोटींच्या जवळजवळ सहाशेपट. पण पफबॉलचा सगळा माल वाऱ्यावर. कुठे पडेल, समुद्रात की डांबरावर, कोणाच्या हाती नाही. दुर्गंधी अळंबीने वारा सोडून टपाल माशीकडे दिलं, म्हणून तिला सहाशेपट कमी पत्रं लिहून भागतं. माशी जिथे बसते तिथे बहुधा ओल असते, सडकं काही असतं, म्हणजे बुरशीच्या कामाची जागा.

तरीही अपव्यय बघून जीव घाबरतो. एखाद्या जंगलात या अळंब्यांची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहत असेल, तर १२०० कोटींतून सरासरीने एखाददुसराच बीजाणू पुढे जाऊन नवी अळंबी उभी करतो. बाकीचे सगळे बाद. त्यामुळेच अळंबी खुडल्याने तिचं फारसं बिघडत नाही. मातीतलं कवकजाल शाबूत असतं आणि तोवर माश्या येऊन गेलेल्या असतात.

हे माहीत नसल्यामुळे एका बाईंचे कष्ट वाया गेले. चार्ल्स डार्विनची मुलगी हेन्रिएटा, घरच्यांची एटी आत्या, उतारवयात या अळंब्यांच्या मागे लागली होती. डार्विनची नात ग्वेन रॅव्हरॅट हिने १९५२ साली छापलेल्या आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. आत्याबाई टोपली आणि टोकदार काठी घेऊन रानात शिरत, नाकपुड्या फुलवून वास घेत, सावज दिसलं की काठीने भोसकत, आणि घरी आणून दिवाणखान्याचं दार आतून लावून शेगडीत जाळत. कारण? घरातल्या मोलकरणींच्या नीतीवर परिणाम नको. या अळंबीचा आकार पुरुषाच्या इंद्रियासारखा असतो, हे इथवर मी लिहिलं नव्हतं. पण ते सगळ्यांनाच दिसतं आणि ‘फॅलस’ या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच आहे. डच वैद्य हाड्रियानस युनियस यांनी १५६४ साली, हॉलंडच्या वाळूच्या टेकड्यांत सापडलेल्या एका जातीवर चित्रासह पुस्तिकाच छापली. एकाच अळंबीला वाहिलेली ती बहुधा पहिली छापील पुस्तिका. डार्विनच्या लेकीने मात्र निसर्गनिवडीच्या विरोधात काठी उगारली. बाराशे कोटींपुढे एक टोपली.

माशी काही किलोमीटर नेते, पण या कुळाने समुद्रही ओलांडले, माणसाच्या सामानातून. १७९२ साली फ्रेंच निसर्गअभ्यासक लाबियार्दिए टास्मानियाच्या दक्षिण टोकाला उतरले आणि तिथे त्यांना लाल चांदणीसारखी एक दुर्गंधी अळंबी मिळाली, असेरोए रुब्रा. १८०० साली तिचं वर्णन प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातली रीतसर नाव मिळालेली ती पहिली देशी बुरशी मानली जाते. १८२९ साली तीच अळंबी लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात उगवली, सुमारे १७ हजार किलोमीटर दूर, झाडांच्या मातीबरोबर आलेली. दुसरी क्लाथ्रस आर्चेरी, लाल बाहू पसरणारी. ती १९१४ च्या सुमारास फ्रान्सच्या व्होज भागात दिसली. तिथल्या गिरण्यांसाठी येणाऱ्या ऑस्ट्रेलियन लोकरीबरोबर आली असावी, असं मानतात. आज ती युरोपभर आहे. चार मायक्रोमीटरच्या प्रवाशाला तिकीट कोण विचारणार?

आता पैशाचे आकडे, कारण ही वस्तू खाल्ली जाते म्हटल्यावर वाचकाच्या मनात तो प्रश्न येणारच. चीनमध्ये ओढणीवाली जात जुन्या काळापासून पक्वान्नात मोडते. घाण वासाची टोपी कापून टाकतात, धुतात, वाळवतात, आणि सुपात ती दांडी व जाळी कुरकुरीत लागते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे हेन्री किसिंजर चीनला गेले तेव्हा त्यांच्या पानातही ती होती. तेव्हा ती फक्त बांबूच्या रानातून गोळा होई. १९७९ पासून व्यापारी लागवड जमली, आणि पुढची कथा कांद्याच्या भावासारखी आहे. हाँगकाँगात १९८२ साली वाळवलेल्या मालाचा भाव होता किलोला सुमारे ७७० डॉलर. १९८८ पर्यंत १०० ते २०० डॉलर. २००० सालाला १० ते २० डॉलर. अठरा वर्षांत किमान अडतीसपट घसरण. ज्या शेतकऱ्याने १९८२ चा भाव बघून १९९५ साली वाफे घातले असतील, त्याची कीव येते.

आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्याच्या पाताळकोट खोऱ्यात, याच कुळातली फॅलस रुबिकुंडस ही नारिंगी-लाल जात आदिवासींच्या औषधांत वापरात असल्याची नोंद आहे, विषमज्वरावर. ती नोंद वापराची आहे, गुण येतो याची नाही. आणि औषधांचा विषय निघाला आहे तर या अळंबीच्या नावावर फिरणाऱ्या सर्वात भंपक आकड्याचाही समाचार घेऊ.

२००१ साली औषधी अळंब्यांवरच्या एका नियतकालिकात हवाईमधल्या एका स्टिंकहॉर्नबद्दल छोटा लेख आला. ही अळंबी हुंगल्यावर काही स्त्रियांना कामतृप्ती झाली असा त्यात दावा होता. प्रयोगात एकूण ३६ जण. २० पुरुष, त्यांना वास किळसवाणा वाटला. १६ स्त्रिया, त्यांपैकी ६ जणींनी होकार दिला. अळंबीची जातही नावानिशी ठरलेली नव्हती. मग २०१५ साली हा लेख इंटरनेटवर पुन्हा उगवला आणि दोन दिवसांत जगभर पसरला. सोळात सहा म्हणजे ३७.५ टक्के, छापायला आकडा भारदस्त. पण १६ जणींच्या नमुन्यात प्रत्येक बाई सव्वासहा टक्के असते. एकीने उत्तर बदललं की निष्कर्ष हलतो. संख्याशास्त्राच्या रूढ नियमाने या सोळांवरून खरं प्रमाण १५ ते ६५ टक्क्यांत कुठेही असू शकतं, एवढंच म्हणता येतं. तेही प्रयोग नेटका असता तर. कोट्यवधींचे आकडे सहज तपासता येतात आणि सोळाचा आकडा जग फिरून येतो, हा या विषयातला सगळ्यात मोठा चमत्कार म्हणायला हरकत नाही.

सह्याद्रीत, कोकणात आणि गोव्यात या कुळातल्या जाती पावसाळ्यात उगवतात. बांबूच्या बेटाखाली, बागेत घातलेल्या पालापाचोळ्यात, कुजक्या ओंडक्यांजवळ. पुढच्या पावसाळ्यात तो लिंबाएवढा पांढरट गोळा दिसला तर पायाने उडवू नका, आणि खायचा विचार तर करूच नका. शेजारी शाळेतली पट्टी उभी रोवा, मोबाइल एका जागी टेकवून दर मिनिटाला एक फोटो लावा. अंडं सहसा सकाळच्या सुमारास फुटतं, तेव्हा लवकर उठावं लागेल. साल फुटल्यापासून टोपी पांढरी होईपर्यंतची वेळ, उंची आणि आलेल्या माश्या लिहून ठेवा, तारीख आणि ठिकाण घाला, आणि आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर नोंद टाका. खर्च पट्टीचा. फोटो काढताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहू नका, एवढं मात्र सांभाळा.